समूहगीत

संगीताचा तास वर्षभर गणिताने गिळला आणि स्नेहसंमेलन तोंडावर आल्यावर प्रिन्सिपल मॅडमना अचानक समूहगीताची आठवण झाली.

"मॅडम, पोरांना अजून धड सा लावता येत नाही. एवढ्यात गाणं कसं बसवू?" संगीताच्या बाईंनी विचारलं.

"गायला कोण सांगतंय? स्टुडिओत गाऊन घेतलेलं गाणं लावा, मुलं नुसते ओठ हलवतील. पाहुण्यांसमोर एकही मूल बेसूर वाटता कामा नये, बाई. मला गाण्यातलं कळतं!"

बाईंनी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं आणि ज्या गळ्यांना सूर द्यायचा, त्यांना तोंडाची उघडझाप शिकवली. काही झालं तरी ओठ थांबवायचे नाहीत, हे तर पोरांच्या अंगात चांगलं मुरवलं.

स्नेहसंमेलनात गाणं ऐन रंगात आलं असताना, लेकीचा व्हिडिओ काढत पुढे पुढे सरकणाऱ्या एका बाबांचा पाय वायरीत अडकला आणि स्पीकर बंद पडला. सभागृह चिडीचूप झालं. पोरं मात्र शिकवल्याबरहुकूम ओठ हलवत राहिली, अगदी तालात, चेहऱ्यावर भाव वगैरे आणून.

 

पहिल्या रांगेत डोळे मिटून मान डोलावणाऱ्या प्रिन्सिपल मॅडम, तशाच डोलत, शेजारच्या पाहुण्यांच्या कानाशी लागल्या, "बघा, आहे का एक तरी मूल बेसूर?"