दोन नळ्या आणि एक सायकल

"बाबा, कुठे आपटलात?" चपला काढायच्या आधीच सुनेने विचारलं.

सासऱ्यांनी पेपरात डोकं खुपसलं. "मी? छे!"

सून मेंदूवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. मेंदूतल्या चांदणीच्या आकाराच्या पेशींत प्रथिनांचे चिवट धागे असतात, डोक्याला मार बसला की पेशींना तेच सावरतात, हे तिचं पालुपद. ते धागे नसलेले उंदीर बाकीच्यांना सहज पचणाऱ्या धक्क्यानेही आडवे होतात. आणि मार जास्त झाला, की तुटलेल्या धाग्यांचे तुकडे रक्तात उतरतात. तुलनेला निरोगी रक्त हवं म्हणून तिने सासूसासऱ्यांचं घेतलं होतं. त्या दोन नळ्यांपैकी एकीत आज तुकडेच तुकडे निघाले.

नळीवर नाव नव्हतं, नुसता आकडा. कुठला आकडा कुणाचा, ते सहकारी उद्या सांगणार होता. तोवर अंदाज बांधायचा नाही, असं ती विद्यार्थ्यांना दटावून सांगायची. पण घरात सायकलवेडा माणूस एकच! पुन्हा पडलात तर सायकल भंगारात, असा दमही तिने त्यांना भरलेला.

"तेच पडले असणार!" सासूबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या. "या वयात कसली मेली ती सायकल!" आज त्यांनी अंबाडा जरा वरच बांधला होता.

सासऱ्यांनी बायकोकडे एकदा पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून मुकाट्याने सुनेच्या हातावर ठेवली. सायकल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सुनेला वाईट वाटलं, पण ती विरघळली नाही. त्याच पावली त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उलटसुलट पाहिला. "यांना काय धाड भरलीय? ठणठणीत आहेत." सासरे मिशीत हसले.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने आकडा कुणाचा ते सांगितलं. सून तशीच घरी धावली आणि तिने सासूबाईंचा अंबाडा सोडला. खाली लिंबाएवढं टेंगूळ!

"अहो आई, बोलायचं नाही का? भलतंसलतं झालं असतं म्हणजे?" तिला रडूच फुटलं.

लगोलग त्यांच्याही मेंदूचा फोटो काढला. नशीब, सगळं शाबूत होतं.

परतताना सासूबाईंनी हळूच तिचा हात दाबला. "किल्ली दे ना गं. तोल जमलाय मला. आता यांनी फक्त वळायचं शिकवायचं राहिलंय."