काठाखाली दोन बोटं

"रेघ कुठंय, सर?"

रसायनाच्या सरांनी मुलीचं बोट धरून काचेच्या उंच मोजपात्रावर टेकवलं. "इथं. काठाखाली दोन बोटं."

मुलीला दिसत नव्हतं, जन्मापासूनच. पुढच्या वर्षाच्या विषयांत तिला रसायन हवं होतं. सरांना ते द्यायचं नव्हतं असं नाही, त्यांचा धीर होत नव्हता. इतिहास सुचवून झाला, संगीत सुचवून झालं. शेवटी म्हणाले, "हे रेघेपर्यंत भरून दाखव. जमलं तर घे रसायन. नाही तर हट्ट सोड."

"चालेल," ती म्हणाली. घरी आजोबा तिला 'सरकार' म्हणत, ते उगाच नाही.

आई शेजारी उभी होती, पर्स पोटाशी धरून. या परीक्षेची तिला काळजी नव्हती. घरातला सगळा चहा हीच ओते, पाण्याच्या बाटल्या हीच भरे. भांडं भरत आलं की आवाज चढतो, बारीक होतो, त्यावरून हिला कळतं. टेबलावर थेंब सांडत नाही.

मुलीनं पाण्याचा जग उचलला. पाणी पडू लागलं. डोक्यावर पंखा खडखडत होता. दाराबाहेर विषय घ्यायला आलेल्या मुलांचा कलकलाट. आणि सर बोलतच होते, "हळू... घाई नको... मागं एकदा असंच एका मुलानं..."

पाणी काठावरून ओसंडलं. टेबलावर, टेबलावरून सरांच्या बुटांवर.

"हे पाणी होतं म्हणून बरं," सर म्हणाले. रागावले असते तर परवडलं असतं, इतकं हळू म्हणाले. "ॲसिड असतं तर?"

आईनं रुमाल काढला. टेबल पुसता पुसता तिचा हात थांबला. घरी ही ओतायला लागली की सगळे गप्प होतात. बाबा वाक्य अर्ध्यावर सोडतात. आजोबा बातम्यांचा आवाज बंद करतात आणि धाकट्याच्या तोंडावर हात ठेवतात. हे कुणी कधी ठरवलं नव्हतं. हिला तर कुणी कधी कळूच दिलं नव्हतं.

"इतिहासही छान असतो गं, बाळा," ती म्हणाली.

"सर, पंखा बंद कराल?"

"पंखा करीन गं. पण वर्गात पोरं असतील. ती काय तुझ्यासाठी तोंड मिटून बसणारेत?"

"बसतील की." मुलगी आईच्या दिशेनं वळून हसली. "आमच्या घरी बसतात. आजोबासुद्धा. म्हणजे बघा!"

आईच्या हातातून रुमाल गळून पडला.

सरांनी पंखा बंद केला. दाराशी जाऊन ओरडले, "ए, आवाज कमी!" कलकलाट जरासा दबला आणि पुन्हा वर आला. 'बघितलंस?' असा चेहरा करून सर मागं वळले, आणि चेहरा कुणाला दाखवतोय हे लक्षात येऊन ओशाळले.

मुलीनं मोजपात्र रिकामं केलं. दोन बोटं पुन्हा एकदा काठाखाली लावून पाहिली. मग जग उचलला.

दारातल्या एका उंच पोरीनं ते पाहिलं. तिनं मागच्याला कोपरानं ढोसलं, त्यानं त्याच्या मागचीला. ढोसणं तसंच मागं मागं जात राहिलं, आणि ते जिथं जिथं पोचलं तिथं तिथं बोलणं थांबलं. थेट जिन्यापर्यंत.

पाण्याचा तेवढा आवाज उरला. आधी जाड, खोल. मग चढत गेला, बारीक झाला, आणि तुटला.

सर गुडघे टेकून बसले. डोळा रेघेच्या पातळीला आणला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावून पाहिलं.

"रेघेवर," ते म्हणाले. का कोण जाणे, कुजबुजलेच.

व्हरांड्यात अजून कुणी श्वास सोडला नव्हता. मुलीनं जग टेबलावर ठेवला आणि घरी चहा ओतून झाल्यावर किटली ठेवावी तशी हात झटकून म्हणाली,

"झालं. आता बोला सगळे."