हुकावरचं वजन

पिकअपमागे जोडलेला कॅम्पर शेपूट हलवायला लागला. आधी थोडा डावीकडे, मग थोडा उजवीकडे, मग त्याला ते आवडलंच. पुढची पिकअपही त्याच्याबरोबर हेलकावे खाऊ लागली तेव्हा प्रेमानंदने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली.

"ब्रेक मार गा, बळीराम!"

बळीरामने ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय तेवढा काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. तीस वर्षं वाडीच्या गोदामांतून ट्रक काढणारा माणूस तो. वेग उतरला तसा कॅम्परही निवला. कन्हानच्या पुढे, रस्त्याच्या कडेला गाडी उभी राहिली.

"ब्रेक मारला असता तं दोन्ही गाड्या कैचीवाणी मुडपल्या असत्या, भाऊजी," बळीराम म्हणाला. "लय झालं. आज हे डोलणं बंद नाही झालं, तं पुढच्या शनिवारपासून तुमची लायब्ररी दुसऱ्या कोणाच्या गाडीले जोडा."

दुसरी गाडी कोण देणार होतं? बळीराम बायकोचा सख्खा भाऊ, पिकअप त्याची, म्हणून तर हा उद्योग चालला होता. रामदासपेठेतल्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून जन्म काढल्यावर प्रेमानंदने हा जुना कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची खोली, घेतला, आतले पलंग काढून फळ्या ठोकल्या आणि दर शनिवारी पारशिवनीकडच्या एका खेड्यात नेऊन उभा करू लागला. चार महिने झाले, एक पुस्तक कोणी घरी नेलं नव्हतं. रंभाबाई नावाची एक म्हातारी तेवढी न चुकता यायची. पायरीशी चप्पल काढायची, आत डोकवायची, "येईन कधी फुरसतीनं" म्हणायची आणि चप्पल घालून चालू पडायची. खेड्यात वाचायची आवडच नाही, असं प्रेमानंदला वाटू लागलं होतं. तसं वाटण्याचंही त्याला वाईट वाटायचं.

बळीराम वाकून जोडणीचा हुक बघत होता. कॅम्परचं नाक वर उचललेलं होतं आणि त्याने पिकअपची मागची बाजूही वर ओढून धरली होती. बळीरामने मागे जाऊन कॅम्परचं दार उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"सगळे गोटे मागंच काहून भरले गा, भाऊजी?"

"गोटे नाहीत ते. ग्रंथ आहेत."

कायद्याचे, इतिहासाचे, धम्माचे, शब्दकोशांचे जाडजूड खंड दाराच्या दोन्ही अंगांना छातीपर्यंत रचलेले होते. प्रेमानंदचा बाप गिरणीत कामाला होता. त्याला अक्षर येत नव्हतं. पण दर दसऱ्याला तो दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून सगळ्यात जाड पुस्तक निवडून आणायचा. वाचायचं पोराने, बापाने नुसतं ओळीखालून बोट फिरवायचं. वाचून झालं की म्हणायचा, "दारासमोर ठेवजो. येणाऱ्याले कळलं पाहिजे हे कोणाचं घर आहे." घरात तसंच होतं, म्हणून कॅम्परमध्येही तसंच.

बळीरामला हे ठाऊक होतं. त्याचा आवाज जरा खाली आला.

"तुमच्या बाबाचा मान मले समजते. पण चाकाच्या मागं वजन झालं का पुढचं हलकं होते, मंग मागचं पुढच्याले नाचवते. जड सामान चाकाच्या पुढं पाहिजे, अन् खाली. हुकावर थोडं वजन बसलं का गाडी गप्प."

"मग दाराशी काय ठेवू? पोट्ट्यांचे चित्रांचे पुस्तकं?"

"ठेवा ना. हलके तं आहेत."

तासभर दोघे घामाघूम होऊन ग्रंथ वाहत होते. खंड पुढे गेले, तळाच्या फळ्यांवर बसले, दोरीने बांधले गेले. पुढच्या कोपऱ्यात पडद्यामागे पडून असलेली पातळ, मोठ्या अक्षरांची पुस्तकं दाराशी आली. पंगतीत वडीलधाऱ्यांना मागे सारून पोरांना आधी वाढावं, तसं प्रेमानंदला वाटत होतं. तो चांगलाच फुगला होता.

पण गाडी सुटली ती लोण्यातून सुरी जावी तशी. एक भला मोठा ट्रक शेजारून वारा फेकत गेला तरी कॅम्पर हलला नाही. बळीराम गुणगुणायला लागला. प्रेमानंदनेही सीट सोडली, डब्यातल्या पुरीची सुरळी करून त्याच्या हातात दिली आणि बऱ्याच दिवसांनी बाहेरची संत्र्याची झाडं बघत बसला. आता निदान लायब्ररी रस्त्यावर तरी राहणार होती.

गावात पिंपळाखाली कॅम्पर लागला. दार उघडलं. रंभाबाई आली, चप्पल काढली, आत डोकावली. प्रेमानंद तिच्या ठरलेल्या वाक्याची वाट बघत राहिला.

ते वाक्य आलंच नाही. म्हातारीने दाराची चौकट धरली आणि एक पाय पायरीवर ठेवला. मग दुसरा. हाताशी आलेलं पहिलंच पुस्तक तिने काढलं. त्यावर एक बैल होता. अक्षरांखाली बोट ठेवून ती हळूहळू म्हणाली, "बै... ल. बैल. पा... णी. पे... ते. बैल पाणी पेते."

"पितो" असं छापलं होतं. जन्मभर लोकांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रेमानंदने ही चूक तशीच राहू दिली. तो त्या बोटाकडे बघत होता आणि त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं.

"औंदा नातीनं अक्षरं शिकवले मले," रंभाबाई पुस्तक पदरात घेत म्हणाली. "दर खेपेले येतो म्हटलं, पण दारातच ते एवढे एवढे पुस्तकं. पायच उचलत नव्हता. हे आजच आणले काय गा, भाऊ?"

बळीरामने तोंड उघडलं. प्रेमानंदने त्याचा दंड दाबला.

"हो बाई," तो म्हणाला, "आजच पोचले."