पाण्यातला ण

“पानी नाही, पाणी,” लिडियाबाई पंचविसाव्यांदा म्हणाल्या. “जीभ वर वळव. ण.”

“पानी,” रामू म्हणाला आणि स्वतःच ओशाळून हसला.

पडदा उघडायला तास उरला होता. मे महिन्याच्या उकाड्याने वसईतला तो हॉल नुसता शिजत होता. स्पर्धेत सांडोर गावच्या मंडळाची एकांकिका साडेतीनला होती. केळीचे घड चोरल्याच्या संशयावरून एका आदिवासी मजुराला गाव झाडाला बांधून मारतं आणि तो पाणी मागत मागत मरतो, अशी गोष्ट. मजुराचं काम पाड्यावरच्या रामूकडे होतं, कारण दिग्दर्शक ऑगस्टीनला अस्सल माणूस हवा होता. माणूस अस्सल मिळाला आणि त्याची अस्सल जीभच नडायला लागली. गेल्या वर्षी परीक्षकांनी ‘अशुद्ध उच्चार’ असा शेरा मारून पहिलं बक्षीस दुसऱ्याच मंडळाला दिलं होतं. लिडियाबाई शाळेत मराठी शिकवायच्या आणि नाटकात प्रॉम्प्टिंगची वही सांभाळायच्या. तो शेरा त्यांच्या जिव्हारी लागला होता.

“तीनदा मागायचं,” ऑगस्टीन सगळ्यांना पुन्हा बजावत होता. “पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं ना, तसं गावाने तीनदा नाही म्हणायचं. बघणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे.”

रामू पहाटेपासून मिठागरात राबून तसाच हॉलवर आला होता. तो कोपऱ्यातल्या माठाकडे वळला, तेव्हा त्याच्या ओठांवर रक्त रंगवून झालं होतं. बाईंनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला.

“रंग जाईल रे. नाटक संपलं की पी हवं तेवढं.”

“बरं, बाय.”

बाईंचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. त्यांना जरा वाईटच वाटलं.

नाटक सुरू झालं आणि रंगलं. दांडके केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या मऊ सालीचे, त्यामुळे मार खोटा आणि आवाज मोठा. रामू घामाने निथळत होता. विंगेत बाई वहीवर पेन्सिल टेकवून उभ्या होत्या. हा प्रसंग त्यांना तालमीतही सोसवत नसे. उठावं आणि त्या बिचाऱ्याला घोटभर पाणी द्यावं, असं दर वेळी वाटायचं. पण प्रॉम्प्टरला कुजबुजण्यापलीकडे काही करता येत नाही.

“पाणी,” रामू म्हणाला. ण खणखणीत! बाईंनी वहीत खूण केली.

“पाणी.” दुसरी खूण.

“पाणी...” तिसरी. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळ्यांना पदर लावला.

गावाने पाठ फिरवली. दोर सुटला, रामू कोसळला. दिवे मंद झाले आणि पडदा सरकू लागला.

“पानी,” रामू म्हणाला.

बाईंची पेन्सिल वहीवर थबकली. समोर परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहायला घेतलं होतं. महिनाभराची मेहनत, आणि शेवटच्या क्षणी माती!

“पाणी!” त्या विंगेतून दातओठ खात कुजबुजल्या. “ण! ण!”

रामूने कष्टाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ओठ नुसतेच हलले. मग त्याने जीभ वर वळवली.

“पाणी.”

अगदी शुद्ध. बाईंचा जीव भांड्यात पडला.

पडदा मिटला. टाळ्या थांबेनात. गावकरी झालेले नट हात धरून ओळीत उभे राहिले.

“रामू, ऊठ, नमस्कार करायचाय!” ऑगस्टीन हसत ओरडला. “अरे, संपलं नाटक!”

बाईंनी माठातून कबूल केलेला पेला भरला. पण आधी राहिलेली खूण करून टाकावी म्हणून त्यांनी वही उघडली आणि शेवटच्या पानावर पेन्सिल फिरवली. एकदा, मग पुन्हा एकदा.

वहीत पाणी तीनदाच होतं.