हाताचा वळसा

पिलन्योचा हात त्या जागेपाशी आला आणि हलकेच वळसा घालून पुढे गेला. आज मालसूनचे लक्ष होते. म्हणून तिला ते कळले.

ती मेणकापडाच्या बाकावर उताणी पडली होती. बुसानच्या त्या जुन्या सार्वजनिक स्नानगृहात वाफेने बायकांचे उघडे देह धूसर झाले होते. अंग घासून देणारी पिलन्यो अकरा वर्षे, दर गुरुवारी, तिचा मळ काढत आली होती. गळ्यापासून टाचेपर्यंत तिच्या हाताला परकी अशी जागा नव्हती. एक सोडून.

"कधीपासून चुकवतेस ते?"

हिरवा खरखरीत हातमोजा थांबला. "काय, ताई?"

"छातीचं उजवं बोंड. तुकडा काढून तपासला त्यांनी. दिसतो इसब, पण आहे कर्करोग. असला फार थोड्या बायकांना होतो म्हणे, गाठसुद्धा लागली नाही हाताला. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं तरी झाली असतील. तेव्हाच आला असतात तर थोडक्यात निभावलं असतं. आता सोमवारी सगळाच स्तन काढणार." तिचा आवाज चढला नाही. "घरी कुणाला बोलले नाही अजून. आधी तुझ्याकडे आले. अकरा वर्षं तुझ्यापुढे उघडी पडते मी, पिलन्यो. एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं."

"कुणाला? भिंतीला?"

"तुमच्या आक्कांना. दोन हिवाळ्यांमागं. माझ्या मावशीचं अस्संच सुरू झालं होतं, म्हटलं ताईंना दवाखान्यात न्या. त्या म्हणाल्या, माझ्या पोरीचं लग्न जमतंय, आत्ताच बभ्रा नको, मी सांगेन सवडीनं. मग तिथं मलम दिसायला लागलं. मला वाटलं, औषधपाणी चाललंय. म्हणून जपून घासायची."

मलम आक्कानेच आणून दिले होते. वयाने कातडी कोरडी पडते, म्हणाली होती. भाचीच्या लग्नाची रजई मालसूनने स्वतः शिवली होती. महिनाभर, एका हाताने टाके घालत, दुसऱ्याने खाजवत.

"अगं मालसून!" गरम पाण्याच्या हौदातून आक्काची हाक आली. "कातडं सोलून घेतेस की काय? आटप! माझी पाठ कोण घासणार, तुझा नवरा?"

हौदातल्या बायका हसल्या. आक्का लालबुंद होऊन बाहेर आली, ठेंगण्या स्टुलावर बसली आणि लहानपणापासूनच्या सवयीने तिने पाठ केली.

मालसून उठली. पिलन्योच्या हातातला मोजा तिने आपल्या हातावर चढवला.

"वळ, आक्का."

"पाठ इकडं आहे गं, आंधळे."

"वळ. हात वर कर. तुझं नीट बघू दे मला. एकाच आईच्या पोटच्या आपण."

आक्काने मान फिरवली. बाकाशी पिलन्यो खाली बघत उभी होती. आक्काची नजर तिच्यावरून मालसूनच्या छातीवर आली आणि तिथून निसटली.

साठ वर्षे दोघी एका पाण्यात न्हात आल्या होत्या. आक्काने दोन्ही हात उचलले आणि स्वतःची छाती झाकून घेतली.