आणखी दहा पौंड

“आणखी दहा पौंड!” डेकवरून वाफेच्या दाबाची चाचणी घेणारा अधिकारी ओरडला.

बॉयलरचा आराखडा करणाऱ्याने दाबाच्या काट्याकडे पाहिलं, कोरडेच हात पुन्हा पँटीला पुसले आणि शिडीपर्यंत जाऊन परत आला. चार पावलं. नौदलाच्या छोट्या गस्ती बोटीत याहून जास्त जागा नव्हती. होती ती त्याच्याच बॉयलरने खाल्ली होती.

भट्टीत कोळसा टाकणारा त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. “मेहुणे, एका जागी उभे राहा की! बाळंतिणीच्या खोलीबाहेर घालाव्यात तशा घिरट्या घालताय.”

तो हसला नाही. त्याचे आधीचे दोन बॉयलर वजनाला जड म्हणून परत आले होते. हाही परत आला, तर त्याचं टेबल दुसऱ्याला मिळणार होतं आणि उरलेली नोकरी इतरांचे आराखडे गिरवण्यात जाणार होती. म्हणून या वेळी त्याने पत्रा पातळ धरला. कागदावर तो टिकत होता. परवा थंड पाणी भरून दाब दिला, तेव्हा सांध्यावर गळतीचा एक थेंब आला. तपासनीस चष्मा शोधत होता, तेवढ्यात त्याने तो अंगठ्याने पुसला.

काटा चढला.

“भाऊजी, जरा बाजूला उभं राहून टाका ना कोळसा.”

“का?”

“उगाच. झळ लागत असेल.”

फावडं थांबलं. सव्वीस वर्षांत झळ लागते का, असं भाऊजींना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी मेहुण्याचा चेहरा पाहिला. मग बॉयलर पाहिला. भट्टीचं दार लोटून घेतलं.

“इथला काटा का थांबला?” वरून आवाज आला.

“काही नाही, साहेब! आमचे मेहुणे गुदमरलेत. त्यांना वर धाडतो, मग वाढवतो.” मग ते हळूच म्हणाले, “जा तुम्ही. मी बघतो. तुमच्या ताईला फक्त यातलं काही कळू देऊ नका.”

तो शिडी चढला. सहा पायऱ्या. डोकं उजेडात आलं, गार वारा लागला. खाली फावडं पुन्हा कोळशात शिरलं.

“भट्टीतली आग बाहेर ओढा, भाऊजी!” तो वाकून ओरडला. “बॉयलर नापास आहे!”

“ते ठरवणारे तुम्ही कोण?” अधिकाऱ्याने विचारलं.

“आराखडा माझा आहे, साहेब,” तो म्हणाला, आणि आग ओढायला खाली उतरला.