हळदीतली ढोलकी

पुतणीच्या हळदीला अमळनेरला सगळे जमले होते, पण लग्नाचं बोलणं कुणाच्याच तोंडी नव्हतं. अहिराणी गाण्यांच्या लाडक्या गायकावर त्याच्याच गाण्यात नाचलेल्या मुलीने, शूटिंगच्या दिवशी संध्याकाळी घडलं म्हणून, बलात्काराची केस केली होती आणि धुळ्याच्या कोर्टात खटला सुरू होता. "टीव्हीवाल्यांनी त्याला आधीच शिक्षा देऊन टाकली. हा काय न्याय झाला?" दीर तावातावाने म्हणाले. माझे चुलत सासरे मोतीलालनाना पुढे सरसावले. "पोर खोलीमा वरडनी म्हने. बाहेर सगळा वाजवणारा व्हतात, एकालेबी आयकू नही उनं? केस खोटीच शे!" मग ते माझ्या नवऱ्याकडे वळले. त्या शूटिंगला ढोलकी यांचीच होती. "ललित, तू तर दारपाशीच व्हता." "मी वाजवत होतो, नाना. मला काही ऐकू आलं नाही." पोलिसांनाही यांनी हेच सांगितलं होतं. सगळ्यांचं समाधान झालं. कुणीतरी यांच्या मांडीवर ढोलकी ठेवली आणि त्याच गायकाचं गाणं मागितलं. माझ्या हातात हळदीची वाटी होती. शूटिंगच्या त्या संध्याकाळी यांचा फोन आला होता, शूटिंग संपलं, निघतोय, भाकरी टाक. आले मात्र फार उशिरा, आणि बोटं इतकी सुजलेली की मीच हळद गरम करून लावली होती. मी यांच्याजवळ वाकले. "शूटिंग संपल्यावर तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून वाजवत होतात?" यांनी वर पाहिलं नाही. दोन्ही हातांनी ढोलकी वाजवायला लागले, इतक्या जोरात की माझा आवाज माझा मलाच ऐकू येईना.